बैलाच्या हातात विळा द्यायचा, तर आधी त्याचं मनगट शोधा

तुमचा प्रश्न असा आहे: चित्रकथेतला बैल दोन पायांवर उभा राहून विळा धरतो, पण हात माणसाचा आणून चिकटवल्यासारखा दिसतो, तो खरा कसा वाटेल? मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो आणि मुलांसाठी प्राण्यांच्या गोष्टींची चित्रं काढतो. कित्येक वर्षं माझंही इथंच अडायचं.

उलगडा झाला तो पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला. बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळता चोळता माझा हात खाली पायावरून गेला. आपण ज्याला पुढच्या पायाचा गुडघा म्हणतो, ते त्याचं मनगट. कोपर तर वर छातीपाशी आहे. मनगटाखालची सरळ नळी म्हणजे त्याचा तळहात, तिसऱ्या आणि चौथ्या बोटाची हाडं जुळून एक झालेली. तिच्या खाली तीच दोन बोटं, आणि दुभंगलेला खूर म्हणजे त्यांची नखं. मागच्या बाजूला वर जी दोन छोटी खुरं असतात, ती दुसरं आणि पाचवं बोट. अंगठा नाहीच.

एवढं कळलं की हात सापडतो. नळी आखूड करा, पण माणसाच्या तळहातापेक्षा जराशी लांब राहू द्या, म्हणजे बैलपण जात नाही. पुढे दोन जाड बोटं, टोकाला खूर. आतल्या बाजूचं छोटं खूर मोठं करून अंगठ्यासारखं समोर वळवा, बाहेरचं आहे तसंच ठेवा. अंगठ्याच्या मुळाशी मांसाचा उंचवटा मात्र विसरू नका. आपला अंगठा जोर लावतो तो त्याच मांसाच्या बळावर. उंचवटा नसला की तो अंगठा कितीही नीट काढा, खिळा ठोकल्यासारखा दिसतो. खूर गुळगुळीत असतो, विळ्याची मूठ त्यात ठरणार नाही, म्हणून बोटांच्या आतल्या अंगाला मऊ गादी द्या.

अंगठा द्यायचाच नसेल तर खारीकडे बघा. तिच्या पुढच्या पायाला कामाची बोटं चारच, अंगठ्याचा नुसता खुंट, म्हणून ती शेंग दोन्ही हातांनी धरते. तुमच्या बैलानेही पाण्याचा तांब्या दोन्ही खुरांत दाबून उचलला, तर वाचणाऱ्याला काही खटकणार नाही.

पुढे कथेत बाकीचे प्राणी येतीलच, म्हणून थोडं त्यांच्याविषयी. अस्वलाला पाच बोटं असतात, पण सर्वांत लहान बोट आतल्या बाजूला, आपल्या नेमकं उलट. वारूळ उकरणारी त्याची लांब नखं आत ओढली जात नाहीत, मूठ आवळली तर तळव्यात रुततील. त्यामुळे त्याची पकड सैलच काढा. वाघाच्या पंजाच्या ठशात चार बोटं उमटतात, कारण पाचवं वर आतल्या बाजूला असतं. तोच त्याचा अंगठा, थोडा खाली आणला की झालं. नखं एरवी झाकलेलीच ठेवा. ती बाहेर आली की वाघ चिडलाय हे शब्दाविना कळतं, आणि मला हे फार आवडतं. वांदराला मात्र लोक सर्रास माणसाचा हात काढतात. आपल्याकडच्या काळतोंड्या वांदराचा अंगठा अगदी तोकडा असतो. तो फांदी धरतो ती लांब बोटांच्या आकड्याने.

हात जमला की नाही, हे बघायला मी तीन चित्रं काढतो: उघडा हात, विळा धरलेला हात आणि जमिनीवर टेकवलेला हात. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. बोटं मिटून हात मातीला लागला की परत खूर दिसायला हवा. माझा बैल दिवसभर कापणी करून थकला की धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, असाच टेकून बसतो.