बीटी कपाशीचे प्रथिन काळ्या मातीत साठते का?

प्रश्न : कापसाची वेचणी संपली की आम्ही पऱ्हाटी श्रेडरने बारीक करून शेतातच गाडतो. जमीन भारी, काळी आहे. बीटी कपाशीतले (जिवाणूचे जनुक घातलेल्या कपाशीतले) कीडनाशक प्रथिन या मातीला चिकटून वर्षानुवर्षे साठते आणि गांडुळे मारते, असे गावात बोलले जाते. यात तथ्य किती?
– एक शेतकरी वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : प्रथिन मातीला चिकटते, हे खरे आहे, ते साठतच जाते, हे मात्र त्यावरून ठरत नाही.

आपली काळी माती बेसॉल्ट खडकापासून झालेली असून तिच्यातील चिकणमातीत मॉन्टमोरिलोनाइट गटातील खनिजे भरपूर असतात. या खनिजाचे पापुद्रे इतके पातळ असतात की त्याच्या शुद्ध स्वरूपातील पाच-सहा ग्रॅमचे एकूण पृष्ठफळ जवळपास एक एकर भरते. पापुद्र्यांवर ऋण विद्युतभार असतो. प्रथिनाचा भार मात्र पाण्याच्या सामूनुसार (आम्ल-अल्कतेनुसार) बदलतो : आम्ल पाण्यात तो धन होतो आणि प्रथिन मातीकडे ओढले जाते, तर आपल्या जमिनीसारख्या अल्कधर्मी पाण्यात बहुतेक प्रथिने स्वतःच ऋण होतात आणि मातीपासून दूर लोटली जायला हवीत. तरीही ती चिकटतात, कारण मातीतील कॅल्शियम दोन ऋण भारांमध्ये दुव्यासारखे उभे राहते. शिवाय प्रथिनाचे पाण्याशी न जुळणारे भाग पृष्ठभागावर टेकले की तेथे अडकलेले पाण्याचे रेणू मोकळे होतात आणि ही मांडणी अधिक स्थिर ठरते. एकदा बसलेला रेणू थोडा उलगडून अनेक ठिकाणी धरला जातो, म्हणून नुसत्या पाण्याने तो सहसा सुटत नाही.

प्रयोगशाळेत चिकणमातीला चिकटलेल्या बीटी प्रथिनाचा कीडनाशक गुण टिकून राहिलेला आढळला आहे. जिवाणूंना ते मोकळ्या प्रथिनाइतक्या सहज खाता येत नाही. गावातील शंकेला आधार आहे तो एवढाच. गांडुळांविषयीची भीती मात्र मला पटत नाही. बीटी कपाशीतील क्राय१एसी हे कीडनाशक प्रथिन पतंगवर्गीय अळ्यांच्या आतड्यातील विशिष्ट ग्राहकांना (प्रथिन जेथे जोडले जाते त्या पेशींवरील जागांना) धरूनच काम करते, आणि बीटी मक्याचे अवशेष मिसळलेल्या मातीत ठेवलेल्या गांडुळांवर बहुतेक प्रयोगांत अपाय दिसलेला नाही.

साठण्याबाबत, अमेरिकेत सलग तीन ते सहा वर्षे बीटी कपाशी घेतलेल्या शेतांची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली; तेथील मातीत क्राय१एसी सापडले नाही. येथे एक शंका रास्त आहे : घट्ट चिकटलेले प्रथिन चाचणीसाठी मातीतून काढलेल्या द्रावणात उतरलेच नाही, तर ते दिसणार कसे? म्हणूनच त्या पाहणीत मातीचा परिणाम अळ्यांवरही तपासला होता, आणि तोही आढळला नाही. ती शेते आपल्याकडची नव्हती, त्यामुळे आपल्या भारी जमिनीची तपासणी याच दुहेरी पद्धतीने व्हावी, असे माझे मत आहे. तोवर पऱ्हाटी जाळू नये, बारीक करून गाडावी. फक्त फरदड (वेचणीनंतर तेच पीक पुढे राखून घेतलेले उत्पादन) न ठेवता, किडकी बोंडे आधी वेचून नष्ट करावीत. गुलाबी बोंडअळी त्यांतच सुप्तावस्थेत राहते.