हलाल गाइजमध्ये पहिल्यांदा जाताना

न्यूयॉर्कमध्ये १९९० साली हॉटडॉगच्या गाडीपासून सुरू झालेल्या ‘द हलाल गाइज’ची २०१४पासून रेस्टॉरंटंही आहेत. काउंटरवर ऑर्डर द्यायची, पैसे भरायचे, ताट घेऊन बसायचं. प्लॅटर म्हणजे पिवळा भात, वर मांस, लेट्यूस, पिटा या मऊ रोटीचे तुकडे. ‘जायरो’ म्हणजे इथे बीफ. चिकन आणि जायरो एकत्र असलेल्या कॉम्बोतही ते असतं, त्यामुळे चालत नसेल तर ‘फक्त चिकन’ असं स्पष्ट सांगा. शाकाहारींसाठी फलाफल, म्हणजे काबुली चण्यांचे तळलेले वडे, आहेत. पण पांढऱ्या सॉसमध्ये अंडं असतं, तो नको म्हणा. लाल सॉस ठेचा पचवणाऱ्यांनाही झोंबतो! आधी दोन-चार थेंब कडेला घालून चाखा. पांढरा सगळा एकदम ओतलात तर भाताचा गिचका होतो. पार्सल नेताना दोन्ही सॉस वेगळे मागा.