दात बदलून वेग वाढेल का?

प्रश्न: माझ्या २६ इंची सायकलला २४ व्होल्ट, २५० वॉटची गिअर मोटर आहे. मोटरवर ९ दात, मागच्या फ्रीव्हीलवर (चाकावरच्या दातेरी चकतीवर) १८. वेग ताशी २० किमी. १६ दातांचं फ्रीव्हील बसवू का?

उत्तर: हिशेबाने वेग साडेबावीसपर्यंत जाईल, पण चाकाचा जोर ११ टक्के घटेल. म्हणून आधी चाक उचलून पूर्ण थ्रॉटलवर (वेगाची मूठ पूर्ण पिळून) वेग पाहा. तो रस्त्यावरच्या वेगापेक्षा फारच जास्त निघाला, तर मोटर आताच दमते आहे. दात बदलून उपयोग नाही, उलट वेग घटेलही. टायरची हवा आणि घासणारे ब्रेक तपासा.

फरक थोडा असेल तर जरूर बदला. पुलरने (फ्रीव्हील काढायच्या हत्याराने) फ्रीव्हील काढा, नव्याच्या आट्यांना ग्रीस लावा. लहान फ्रीव्हीलवर मोटरची साखळी सैल पडेल, पण ती तोडू नका, चाक सुमारे ६ मिमी मागे सरकवलं की ती पुन्हा ताणली जाते. पायडलची साखळी मात्र त्याने घट्ट होते, ती सैल करून घ्या. ब्रेकचे रबरही रिमवर नीट जुळवा.

चढावर करंट वाढून मोटर तापते. हात टेकवत नसेल तर १८ दातच बरे. भारतात २५० वॉट आणि ताशी २५ किमीच्या आत राहिलात तर नोंदणी लागत नाही. ती मर्यादा ओलांडू नका.