कॅनडातल्या त्सिम्शियन या मूळनिवासी लोकांकडे लिपी नव्हती, मग त्यांचा कायदा पुढच्या पिढीला कळायचा कसा? आणि आज तो चालतो का?

मी वकिली करतो, मानववंशशास्त्र वगैरे शिकलेलो नाही, पण ऐकीव पुराव्यावरची एक कॅनडाची केस वाचताना या लोकांपर्यंत पोचलो आणि मग त्यातच अडकलो.

आधी जागा सांगतो. ब्रिटिश कोलंबियाचा उत्तर किनारा, स्कीना नदी समुद्राला मिळते तो भाग, प्रिन्स रुपर्टच्या आसपास. (काही लोक १८८७ मध्ये विल्यम डंकन नावाच्या मिशनऱ्यामागे अलास्कात गेले, ते प्रकरण वेगळं.) कुळं चार: डोमकावळा, गरुड, लांडगा आणि किलर व्हेल. कुळ आईकडून मिळतं आणि स्वतःच्या कुळात लग्न चालत नाही, अजिबात नाही. पण जमिनीचा कारभार बघायचं ते कुळातलं एकेक घराणं. एकेका घराण्याचा प्रमुख, त्याची ठरलेली नावं, चिन्हं, सॅमन मासे धरायच्या जागा, बेरी वेचायच्या जागा, शिकारीचं रान, सगळं ठरलेलं, आणि दुसऱ्याच्या हद्दीत जायचं तर विचारून जायचं.

कायद्याला ते अयाऊख म्हणतात आणि घराण्याच्या इतिहासाला अदाऊख. या अदाऊखला दंतकथा समजून सोडून देऊ नका, लोक तिथेच चुकतात. पूर्वज कुठून आले, या नदीकाठी का थांबले, इथे काय घडलं, हे चिन्ह खांबावर (टोटेम पोलवर) कोरायचा हक्क कसा मिळाला, हे सगळं त्यात असतं, म्हणजे वकिलाच्या नजरेने बघितलं तर हा टायटलचा, म्हणजे जमिनीच्या मालकीचा पुरावाच झाला. आणि तो ज्या घराण्याचा आहे त्यांनीच सांगायचा, दुसऱ्याने परवानगीशिवाय सांगितला तर ती चोरी.

आता शिकवण्याचं. वारसा बापाकडून मुलाकडे जात नाही, मामाकडून भाच्याकडे जातो. मुलगा लहानपणी वडिलांच्या घरी असतो पण नाव आणि गादी मिळणार मामाची, म्हणून थोडा मोठा झाला की त्याला मामाकडे पाठवायचे, तिथे मासेमारी, हद्दी, इतिहास, कोणाशी कसं बोलायचं हे सगळं मामाच्या हाताखाली. कोणाला कुठलं नाव द्यायचं यात घराण्यातल्या थोर बायकांचा शब्द मोठा असतो, हे बरेचदा सांगायचंच राहून जातं.

पण खरी शाळा म्हणजे मेजवानी, जिला बाहेरचे लोक पॉटलॅच म्हणतात. प्रमुख वारला, नवा बसला, कोणाला नाव द्यायचं, खांब उभारायचा, की दुसऱ्या कुळांच्या लोकांना बोलवायचं. बसायच्या जागा मानाप्रमाणे ठरलेल्या, चुकीच्या जागी बसवलं तर अपमान. मग सगळ्यांसमोर अदाऊख सांगायचा, नाव जाहीर करायचं, आणि पाहुण्यांना भेटी द्यायच्या. या भेटी म्हणजे निव्वळ दानधर्म नव्हे, साक्षीदाराचं मानधन आहे ते! तुम्ही ऐकलंत, हरकत घेतली नाहीत, भेट घेतलीत, म्हणजे मान्य केलंत, पुढे वाद झाला तर तुम्हाला आठवून सांगावं लागेल. मला यातलं सगळ्यात आवडलेलं हेच, की साक्षीदार बाहेरच्या कुळातले, त्यामुळे घराण्याने आपलंच खोटं घुसडायचं म्हटलं तर समोर बसलेले शंभर लोक टोकणार. आणि पोरं हे जन्मापासून बघत असतात, शिवाय लहानपणीचं नाव, तरुणपणीचं नाव, मोठेपणीचं नाव अशी एकेक पायरी त्यांची स्वतःचीच तिथे चढवली जाते, वेगळा क्लास लावायची गरजच काय?

म्हणूनच कॅनडा सरकारने १८८५ पासून पॉटलॅचवर बंदी घातली तेव्हा एक समारंभ बंद झाला असं म्हणणं कमी पडतं, रजिस्ट्री, कोर्ट आणि शाळा एकदम बंद झाली. वर मुलांना बोर्डिंग शाळांत नेऊन भाषा तोडली. १९२७ मध्ये जमिनीच्या दाव्यासाठी पैसे गोळा करणंही गुन्हा ठरवलं, म्हणजे वकील लावायचीही सोय नाही. या दोन्ही बंद्या १९५१ पर्यंत होत्या. तरी लोक करतच होते. १९४५ मध्ये गित्सेगुकला गावात खांब उभारले तेव्हा विल्यम बेनन, जो स्वतः त्सिम्शियन प्रमुख होता, तिथे पाहुणा म्हणून बसला आणि वह्याच्या वह्या भरून सगळं टिपून ठेवलं.

आता ती केस. डेल्गामूक, शेजारच्या गित्क्सान (भाषेने त्सिम्शियनांचे सख्खे नातेवाईक) आणि वेट्सुवेटेन प्रमुखांनी जमिनीच्या हक्कासाठी लावलेली, ट्रायलच ३७४ दिवस चाललं. मेरी जॉन्सन या वृद्ध प्रमुख बाईंनी अदाऊखमधलं गाणं कोर्टात म्हणायला घेतलं तर जज म्हणाले मला गाण्याचा कान नाही, त्याचा काही उपयोग व्हायचा नाही. १९९१ च्या निकालात त्यांनी मौखिक इतिहासाला फारशी किंमत दिली नाही. डिसेंबर १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला, म्हटलं मौखिक इतिहासाला कागदपत्रांच्या बरोबरीने वजन द्या, आणि नव्याने ट्रायल घ्या.

आज चालतो का, तर हो, मेजवान्या होतात, नावं दिली जातात, प्रिन्स रुपर्टच्या शाळांत त्यांची भाषाही शिकवतात. घोळ वेगळाच आहे. सरकारच्या इंडियन ॲक्टने (मूळनिवासींसाठीचा कॅनडाचा कायदा) निवडणुकीची बँड कौन्सिलं (त्यांच्या एकेका गटाची पंचायत) आणली, त्यामुळे एकाच समाजात दोन सत्ता झाल्या. वेट्सुवेटेनांकडे गॅस पाइपलाइनवरून हेच पेटलं, निवडून आलेल्या कौन्सिलांनी कंपनीशी करार केले, वंशपरंपरागत प्रमुख म्हणाले जमीन घराण्यांची आहे, आम्हाला विचारा, आणि २०२० मध्ये त्यांच्या पाठिंब्यासाठी पार ओंटारियोपर्यंत लोक रेल्वे रुळांवर बसले.