परदेशातून बारशाला येणाऱ्या आत्यासाठी

भावाच्या घरी बाळ यायचे आहे, बारसे बाराव्या दिवशी मुलुंडला वहिनींच्या माहेरी करायचे घाटते आहे, तुम्ही न्यू जर्सीत आहात आणि रजा जेमतेम आठवड्याची. अशा वेळी आत्याने यावे की व्हिडिओ कॉलवर भागवावे, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते अवश्य यावे, पण बाराव्या दिवसाचा हट्ट न धरता.

बारावा दिवस धरतात तो दहा दिवसांचे सुवेर फिटल्यावरचा सोयीचा दिवस म्हणून. बाळाच्या येण्याची तारीख कोणालाच नेमकी सांगता येत नाही, त्यामुळे त्या दिवसासाठी आधी काढलेले तिकीट बहुधा वाया जाते. मुंबईत आता अनेक घरांत बाळंतीण सावरल्यावर, सव्वा महिन्यानंतर बारसे करतात. जन्माच्या दाखल्यासाठी नावाची घाई आहे असे कोणी म्हणाले, तर जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, नाव मात्र वर्षभरात विनाशुल्क घालता येते, हे सांगून ठेवा.

तारीख पुढे ढकलण्याचा विषय थेट विहीणबाईंकडे काढू नका. पहिले बाळंतपण माहेरी असल्याने यजमानपण त्यांचे आहे, आणि मुलाकडच्यांनी सोय सांगितली की तिचा मानपानाचा प्रश्न व्हायला वेळ लागत नाही. आधी वहिनींचे मन विचारावे, मग भावाने बोलावे.

बारसे बाराव्या दिवशीच ठरले, तर मुंबईतले संध्याकाळचे 5 म्हणजे तुमच्याकडे उन्हाळ्यात सकाळचे 7:30 आणि हिवाळ्यात 6:30. फोन धरायला एका भाच्याला किंवा पुतणीला नेमा, कारण वरवंट्याला झबले-टोपडे घालून केलेला गोप्या ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत पाळण्याच्या वरून-खालून फिरू लागला की बायकांचे हात त्यातच गुंततात आणि उभा करून ठेवलेला फोन पंख्याकडे बघत राहतो. पाळणा गायला सुरुवात झाली की तुमचा माइक बंद ठेवा. तुमचा आवाज ओळभर मागून पोहोचतो आणि सगळ्यांचा ठेका चुकतो. नाव एखाद्या चुलत आत्याला कानात सांगू द्यावे आणि लगेच तुम्ही कॉलवरून मोठ्याने उच्चारावे. तान्ह्या बाळाच्या कानाशी इअरफोन नेण्याचा प्रकार मात्र कोणी सुचवला तरी करू नये. ‘कुर्रर्र’ म्हटल्यावर पाठीत बसणारे धपाटे त्या चुलत आत्याच्या वाट्याला येतील, तेव्हा साडी तिलाही द्या!

बाळंतविड्यासाठी तिकडून लोकरी, टोपीवाले कपडे आणू नयेत. मुंबईच्या उकाड्यात ते घडीही न मोडता कपाटात जातात. मऊ सुती झबली, कुंची, दुपटी आईकडून दादरला घेववा, चांदीचे वाळे ओळखीच्या सराफाकडून करवा, आणि वहिनींची साडी विसरू नका. तिकडून आणायचेच असतील, तर सहा महिन्यांच्या पुढच्या मापाचे सुती कपडे आणावेत.

तुमच्या येण्याप्रमाणे तारीख ठरलीच, तर उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशीची धरू देऊ नका. मध्ये दोन-तीन दिवस असावेत, म्हणजे झोप भरून निघते आणि विमानात सर्दी-खोकला लागला असेल तर तोही कळून येतो. तसे काही जाणवले, तर कानात नाव सांगायचे काम तेव्हाही चुलत आत्याकडेच द्या आणि तुम्ही पाळण्यापासून लांब बसा.