हिटलरच पाहिजे म्हणणाऱ्याला काय सांगायचं?

प्रश्न : मुलगा म्युनिकला नोकरीला हाय म्हणून आम्ही दोघं यंदा तिकडं गेलतो. तिथनं लोकलनं डाखाऊला जाऊन हिटलरच्या वेळची छळछावणी बघितली, आता म्युझियम केलंय तिथं. आल्यापासून मन ठिकाणावर नाही. सारखा आपला सीमाप्रश्न पण आठवतोय. सांगायला गेलं तर कट्ट्यावरची मंडळी म्हणतात, फिरायला गेलात आणि असलं काय बघत बसलात, आणि एक-दोघं तर सरळ म्हणाले की आपल्याकडं पण एक हिटलरच पाहिजे, मगच शिस्त लागेल. ह्यांना काय सांगावं? आणि कोल्हापूरजवळ वळिवड्यात पोलंडचे लोक राहायचे ते ह्यातनंच वाचलेले काय?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : काका, कट्ट्यावर आकड्यानं सुरुवात करू नका. 60 लाख ज्यू मारले म्हटलं की लोक बापरे म्हणतात आणि लगेच चहा सांगतात. तुम्ही बघितलेल्या जागेचंच सांगा की. हिटलर 30 जानेवारी 1933ला जर्मनीचा चॅन्सेलर, म्हणजे आपल्या पंतप्रधानासारखा, झाला आणि डाखाऊ सुरू झालं 22 मार्चला, दोन महिने पण झाले नव्हते. चोरून नाही हं, हिटलरचा माणूस आणि तेव्हाचा म्युनिकचा पोलीसप्रमुख हिमलर, त्यानं पत्रकारांना बोलावून सांगितलं आणि म्युनिकच्या पेपरात छापून आलं, 5,000 माणसं ठेवायची सोय होणार म्हणून. पहिले कैदी बहुतेक त्यांच्याच देशातले विरोधक, कम्युनिस्ट, सोशल डेमोक्रॅट, युनियनवाले, त्यात काही ज्यू पण. ज्यूंना हजारोंनी धरून आणलं ते नोव्हेंबर 1938 मध्ये. शिस्तीचं म्हणाल तर तिथं भरपूर होती, बिछान्याला सुरकुती दिसली तरी शिक्षा. हिटलर पाहिजे म्हणणारा मनात कायम पहारेकऱ्याच्या बाजूला उभा असतो, कैद्यांच्या रांगेत स्वतःला कोण बघतंय? तेवढंच विचारा त्याला, पेपरात छापून आलं तेव्हा तुम्ही काय केलं असतं म्हणून.

सीमाप्रश्नाचं मात्र स्पष्ट सांगतो, राग मानू नका. 1956 पासून आपल्या भागानं सोसलंय, हुतात्मे दिलेत, ते दुःख खरंच हाय, पण ते ह्याच्या शेजारी नेऊन ठेवू नका. तिथं माणसानं धर्म बदलला तरी सुटका नव्हती, 1935 च्या कायद्यानं आजी-आजोबा कोण होते तेवढं बघून ज्यू ठरवत होते, आणि पुढं तान्ह्या पोरांनाही सोडलं नाही.

वळिवड्याचं प्रकरण वेगळं. ते बहुतेक कॅथलिक पोलिश लोक, स्टालिनच्या रशियानं 1940-41 मध्ये घरातनं उचलून सायबेरिया-कझाकस्तानकडं धाडलेले, तिथनं सुटून इराणमार्गे इकडं आले. 1943 ते 1948, साधारण 5,000 जण, जास्त करून बायका-पोरं. ते गेल्यावर त्या जागी सिंधी निर्वासित वसले, तेच आजचं गांधीनगर, जिथं आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातोय. कोल्हापुरात महावीर गार्डनमध्ये त्या पोलिश लोकांच्या आठवणीचा स्तंभ हाय, पुढच्या खेपेला बघून या.