ऐकत वाचायची सवय लागली, तर वाचन सुटेल का?

प्रश्न: मुलगा नववीत आहे, त्याला डिस्लेक्सिया (लिहिलेले शब्द ओळखून वाचणं अवघड जाण्याची अडचण) आहे. धडा वाचून दाखवला की सगळं कळतं, स्वतः वाचताना पानभरात थकतो. त्याला वकील व्हायचंय. मजकूर वाचून दाखवणारं अ‍ॅप दिलं तर तो वाचनच सोडून देईल, असं घरचे म्हणतात. कमी वाचनाचं क्षेत्र निवडावं का? — एक आई

ताई, वकिलीचा विचार सोडू नका. क्षेत्र त्याच्या आवडीवरून ठरू द्या, भीतीवरून नको.

गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी 1986 मध्ये वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: शब्द उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. म्हणून एक बाजू लंगडी पडली की सगळंच आकलन खाली येतं. ऐकून सगळं कळतं असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे त्याची दुसरी बाजू भक्कम आहे. अ‍ॅप पहिल्या बाजूचा भार उचलतं. विचार त्यालाच करावा लागतो, त्यामुळे यात कॉपी करण्यासारखं काही नाही.

मात्र नुसते हेडफोन लावून पडून राहणं नको. मजकूर समोर हवा आणि उच्चारला जाणारा शब्द पडद्यावर ठळक होत जायला हवा. वेग सुरुवातीला बोलण्यापेक्षा थोडा कमी ठेवा. परिच्छेद संपला की थांबून त्यानं तो आपल्या शब्दांत सांगावा. अक्षर-उच्चारांची सांगड घालायला शिकवणारे विशेष शिक्षक असतील तर ते वर्गही चालूच ठेवा. अ‍ॅप त्यांची जागा घेत नाही.

एक अडचण हमखास येते. स्कॅन केलेलं पान म्हणजे नुसता फोटो असतो. त्यातला शब्द बोटानं निवडता येत नसेल, तर आधी ओसीआरनं, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरनं, त्याचा मजकूर करून घ्यावा लागतो. मग जोडाक्षरं, रफार आणि आकडे मूळ पानाशी ताडून पाहा. चुका तिथेच होतात. गणिताची सूत्रंही बऱ्याचदा नीट वाचली जात नाहीत. ‘डिस्लेक्सियासाठी खास’ म्हणून मिळणाऱ्या फॉन्टवर पैसे घालू नका, त्यांच्या उपयोगाचा भक्कम पुरावा नाही. अक्षरांत आणि ओळींत जास्त मोकळी जागा सोडल्याचा काही मुलांना फायदा होतो, तो प्रयोग फुकटात होतो.

वकिलीत वाचन डोंगराएवढं असतं, हे त्यालाही स्पष्ट सांगा. म्हणूनच ऐकत वाचायचा सराव आताच हवा, कॉलेजात गेल्यावर नव्हे. 2013 चा माराकेश करार हा छापील मजकूर वाचायला अडचण असलेल्यांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार आहे; त्यात डिस्लेक्सिया असलेले वाचकही येतात. करार स्वीकारलेल्या देशांत अधिकृत संस्थांना त्यांच्यासाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती हक्कधारकाच्या परवानगीशिवाय करता येतात. पुढे जाडजूड ग्रंथ लागतील तेव्हा ग्रंथालयात हे जरूर विचारा.

परीक्षेत प्रश्नपत्रिका वाचून दाखवणारा वाचक किंवा जादा वेळ हवा असेल तर शाळेशी लेखी बोलणं आताच सुरू करा. वर्गात तो रोज कोणतं साधन वापरतो याची नोंद शिक्षकांकडून ठेवून घ्या. ऐन परीक्षेच्या तोंडावर केलेल्या अर्जापेक्षा तिचा जास्त उपयोग होतो. आणि अ‍ॅपमधला आवाज व वेग त्याचा त्यालाच निवडू द्या.